रोझमेरी दख्खनला का आली नाही?

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या उंब्रजच्या बाजारात एक नवा शब्द रुळला आहे, रोझमेरी. जनरल स्टोअरच्या काउंटरवर शाम्पूच्या पाउचशेजारी ‘रोझमेरी वॉटर’च्या बाटल्या दिसतात. कॉलेजच्या मुली मोबाईलवर रील पाहून त्या घेतात. ज्यांना बाटली महाग वाटते, त्या कऱ्हाड किंवा साताऱ्याच्या नर्सरीतून रोप आणतात. झाड एकदा जगलं की पाणी घरीच उकळता येईल, असा सरळ हिशोब. रोप माघ-फाल्गुनात येतं, चैत्र-वैशाखाचं ऊन सोसतं आणि आषाढात मरतं. मग ‘आपल्याकडच्या उन्हात ते जगत नाही’ असा निकाल लागतो.

हा निकाल मला पटत नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, वनस्पतीशास्त्राचा नाही. पण रोझमेरी ज्या मुलखात हजारो वर्षं रानात उगवते, तिथलं ऊन आपल्यापेक्षा काही सौम्य नाही. स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. मुस्लिम इतिहासाच्या वाचकाला हे शहर ‘कुर्तुबा’ म्हणून माहीत असतं. त्या उन्हात तिथल्या डोंगरउतारांवर रोझमेरी खुशाल उभी असते. म्हणजे आरोपी दुसराच कुणीतरी आहे. त्याचा माग काढताना मी एका जुन्या प्रश्नापाशी पोचलो. मरवा आला, सब्जा रुळला, गुलाब आला, अंजीर आणि डाळिंब आलं. मग अरब आणि इराणी व्यापाऱ्यांच्या, हकिमांच्या, सरदारांच्या इतक्या शतकांच्या येण्याजाण्यात रोझमेरीच तेवढी दख्खनला का आली नाही?

आधी केसांचा विषय संपवू, कारण त्याशिवाय कुणी पुढे वाचणार नाही. 2015 साली इराणमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टक्कल पडू लागलेल्या शंभर रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला रोझमेरीचं तेल आणि दुसऱ्याला 2 टक्के मिनॉक्सिडिल सहा महिने लावायला दिलं. शेवटी दोन्ही गटांत केस वाढलेले दिसले आणि दोहोंत विशेष फरक आढळला नाही. सगळ्या रील्सचा पाया हा एवढाच. अभ्यास तेलाचा होता, पानं उकळलेल्या पाण्याचा नाही, आणि एका छोट्या अभ्यासावर बाटलीचा धंदा उभा करणं हा शास्त्राचा नव्हे, बाजाराचा भाग आहे. असो.

आता इतिहास. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने इसवीसनाच्या पहिल्या शतकात औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात हे झुडूप ‘लिबानोटिस’ या नावाने येतं. ग्रीकमध्ये धूपाला ‘लिबानोस’ म्हणतात, त्या वासावरून पडलेलं हे नाव. नवव्या शतकात बगदादमध्ये या ग्रंथाचा अरबी अनुवाद झाला. इस्तिफान इब्न बासिल याने तो केला आणि हुनैन इब्न इसहाकने तपासला. अडचण अशी होती की, ग्रंथातल्या कितीतरी वनस्पती बगदादच्या आसपास उगवतच नव्हत्या. ज्या झाडाला अरबी नाव सापडेना, त्याचं ग्रीक नाव इस्तिफानने अरबी लिपीत तसंच ठेवून दिलं. पुढे कुणा जाणकाराला नाव सापडेल, ही आशा.

तो जाणकार सापडला बगदादपासून हजारो मैल पश्चिमेला. सन 948 च्या सुमारास बायझंटाईन सम्राटाने कुर्तुब्याचा खलिफा अब्दुर्रहमान तिसरा याला नजराणा पाठवला. त्यात डायोस्कोरिडीसच्या ग्रंथाची चित्रांसह मूळ ग्रीक प्रत होती. पण कुर्तुब्यात प्राचीन ग्रीक वाचणारा कुणी नव्हता. खलिफाने माणूस मागवला आणि 951 साली निकोलस नावाचा ख्रिस्ती साधू तिथे पोचला. त्याच्यासोबत खलिफाच्या दरबारातला यहुदी वैद्य हस्दाय इब्न शाप्रूत आणि शहरातले मुस्लिम हकीम बसले, आणि ग्रंथातलं एकेक झाड प्रत्यक्षातल्या झाडाशी ताडून पाहू लागले. ही हकीकत पुढे इब्न जुलजुल या कुर्तुब्याच्याच हकिमाने लिहून ठेवली. त्याने डायोस्कोरिडीसला माहीत नसलेल्या औषधींची पुरवणीही तयार केली. बगदादच्या विद्वानांकडे शब्द होते, कुर्तुब्याच्या विद्वानांकडे शब्द आणि झाड दोन्ही होतं. शहराबाहेर टेकडीवर गेलं की रोझमेरी पायाखाली येत होती.

अरबीत तिचं नाव पडलं ‘इक्लील अल-जबल’, म्हणजे डोंगराचा मुकुट. मलागा परिसरात जन्मलेला आणि 1248 साली दमास्कसमध्ये वारलेला इब्न अल-बैतार हा मध्ययुगातला सर्वांत मोठा औषधीशास्त्रज्ञ. चौदाशेहून अधिक औषधी आणि खाद्यांची नोंद असलेल्या आपल्या कोशात त्याने इक्लील अल-जबलबद्दल लिहिलं आहे. त्यात एक नोंद अगदी शिकाऱ्याच्या तोंडची वाटावी अशी आहे. अंदलुसमधले शिकारी शिकारीचं पोट साफ करून त्यात ही पानं भरतात, म्हणजे मांसाला लवकर दुर्गंधी सुटत नाही. ग्रीक पुस्तकातून उतरवलेलं हे ज्ञान नव्हे, ते आपल्या गावच्या माणसाला विचारून लिहिलेलं आहे.

पोर्तुगीज भाषेत रोझमेरीला ‘अलेक्रीम’ म्हणतात. हे अरबी ‘अल-इक्लील’चंच बदललेलं रूप. अरबांची सत्ता गेली, शब्द राहिला. आणि हा शब्द तोंडात असलेली माणसं सोळाव्या शतकात गोव्यात उतरली.

त्यांच्यातला एक आपल्याला फार जवळचा आहे, गार्सिया द ऑर्ता. पोर्तुगालच्या सीमेवरच्या कास्तेलो दे विदे गावचा हा वैद्य. त्याचे आईवडील 1492 साली स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या यहुद्यांपैकी. बळजबरीने ख्रिस्ती झालेलं हे घराणं. गार्सिया 1534 मध्ये गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाचा तो वैद्य आणि मित्र होता. दख्खनी दरबारातल्या हकिमांशी त्याच्या चर्चा चालत. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ‘कोलोक्विओस’ या संवादग्रंथात तो भारतातल्या औषधींची अरबी आणि देशी नावं देतो, आणि युरोपातल्या पोथीपंडितांना डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी सांगतो. ज्या मुलखात अलेक्रीम रानोमाळ उगवतं, तिथून आलेला हा माणूस. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला 1569 मध्ये जिवंत जाळलं आणि 1580 मध्ये खुद्द त्याची हाडं उकरून जाळली. औषधांच्या इतिहासात हे लिहायची गरज नाही असं कुणी म्हणेल. मला ती वाटते.

पोर्तुगीजांनी काय काय आणलं याची यादी आपल्याला शाळेपासून पाठ असते. मिरची, काजू, अननस, पेरू, पपई. नीट पाहा, हे सगळं ब्राझील आणि अमेरिकेच्या उष्ण भागातलं आहे. खुद्द पोर्तुगालच्या डोंगरावरचं अलेक्रीम काही कोकणात रानोमाळ पसरलं नाही. आणि गंमत म्हणजे ब्राझीलमध्येही असंच झालं. तिथे घरची आठवण काढत त्यांनी भलत्याच एका रानझुडपाला ‘रानातलं अलेक्रीम’ असं नाव देऊन टाकलं. झाड नेता आलं नाही म्हणून नावच नेलं.

आपल्याकडे याहून मजेशीर घोटाळा आहे. हिंदी-उर्दूत रोझमेरीला हल्ली ‘गुलमेहंदी’ म्हणतात. पण गुलमेहंदी हे तेरड्याचंही नाव आहे. तेरडा म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या पावसाचं लेकरू. गौरीला लागतो तो. ज्या पावसात तेरडा फुलतो, त्याच पावसात रोझमेरी कुजते. एका नावाखाली इतकी परस्परविरोधी झाडं क्वचितच नांदत असतील. युनानी दुकानात गेलात तर आणखी एक गाठ पडेल. तिथे ‘इक्लील’ मागितलं तर ‘इक्लील-उल-मलिक’ पुढे येतं, म्हणजे ‘नाखूना’, नखासारख्या वाकड्या शेंगांचं. तो राजाचा मुकुट. डोंगराचा मुकुट आपल्या हकिमांना किताबात भेटला, अंगणात नाही.

का भेटला नाही? पहिलं कारण भूगोलाचं आहे. दख्खनला आलेली अरबी-इराणी संस्कृती प्रामुख्याने इराण, इराक आणि अरबस्तानातून आली. बहामनी आणि आदिलशाही दरबारातले आफाकी सरदार शिराझ, खुरासान, गिलानकडचे. उंब्रज-कऱ्हाडचा मुलूखही आदिलशाहीत होता. कऱ्हाडच्या जामा मशिदीचे उंच मिनार त्याच काळाची खूण आहेत. या लोकांच्या बागेच्या कल्पनेत गुलाब होता, नर्गिस होती, रैहान होतं. भूमध्य सागराच्या काठचं झुडूप त्यांच्याही घरचं नव्हतं. शिवाय इथे आल्यावर त्यांना इथल्याच सुगंधांनी जिंकलं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या नावाने ‘इत्र-ए-नौरसशाही’ हा सुगंधांवरचा ग्रंथ लिहिला गेला. दुसऱ्या अली आदिलशाहाचा राजकवी नुसरती याच्या ‘गुलशन-ए-इश्क’ या दख्खनी काव्यात बागांची वर्णनं पानोपानी येतात. चंपा, मोगरा, केवडा, चंदन ज्यांच्या दाराशी आहे, त्यांना स्पेनच्या डोंगरावरचं झुडूप कशाला आठवेल?

पण हे कारण पुरेसं नाही, कारण मरवा आला. मरव्याचं मूळ सायप्रस आणि दक्षिण तुर्कस्तानकडचं मानतात. फार्सीत त्याला ‘मर्झनगोश’ म्हणतात, म्हणजे उंदराचा कान. पानाचा आकार पाहिला की नाव पटतं. संस्कृतमध्ये ‘मरुबक’ हे नाव अमरकोशात सापडतं. म्हणजे आपल्या वेणीतला मरवा हा फार जुना पाहुणा आहे, आणि त्याला परका म्हणायचं आजवर कुणाला सुचलेलं नाही. माझ्या दारातली रोझमेरी पाहून एका परिचिताने मात्र ‘हे तुमच्याकडचं झाड ना?’ असं विचारलं होतं. ‘तुमच्याकडचं’ म्हणजे कुठलं, हे त्यांनाही सांगता आलं नाही. सब्जाचंही तेच. कब्रस्तानात कबरीवर आपण सब्जा लावतो. कुरआनात सूरह रहमान आणि सूरह वाकिआमध्ये ‘रैहान’चा उल्लेख आहे, आणि सब्जाला अरबीत रैहानच म्हणतात. तोच सब्जा तुळशीचा सख्खा भाऊ. वनस्पतीशास्त्रात दोघांचं आडनाव एकच, ओसिमम. जोतिबाच्या चैत्र यात्रेत वाहतात तो दवणा मात्र पक्का दक्षिणेतला.

मरवा, दवणा, सब्जा इथे टिकले. यात एक शेतीचं शहाणपण दडलेलं आहे. दवणा साधारण कार्तिक-मार्गशीर्षात पेरतात आणि माघ-फाल्गुनात कापतात. चैत्रात तो देवाला वाहिला जातो, कारण तेव्हा तो हाताशी आलेला असतो. म्हणजे दवण्याचं सगळं आयुष्य पावसाळ्याबाहेर जातं. मरव्याच्या काड्या पाऊस ओसरल्यावर नव्याने लावून घेतात. सब्जा मरतो आणि आपल्या बियांतून पुन्हा उगवतो. आपल्या माणसांनी या झाडांना रब्बीच्या पिकासारखं वागवलं. रोझमेरी तशी नाही. ती लाकूड धरणारं झुडूप आहे, दहा-पंधरा वर्षं जगणारं, आणि बीपासून वाढायला कमालीची आळशी. तिला एका हंगामात आटोपता येत नाही. तिला आषाढ-श्रावणातून जिवंत बाहेर काढावं लागतं.

इथे मला अँड्र्यू वॉटसन या इतिहासकाराची आठवण होते. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी मांडलं की, इस्लामच्या सुरुवातीच्या शतकांत ऊस, भात, वांगी, लिंबूवर्गीय फळं, कापूस अशी पिकं भारताच्या बाजूकडून निघून इराक, इजिप्तमार्गे अंदलुसपर्यंत पोचली. या मांडणीवर पुढे वादही झाले, काही पिकं आधीच तिकडे होती असं दाखवलं गेलं. पण प्रवासाची दिशा पाहण्यासारखी आहे. माल पूर्वेकडून पश्चिमेकडे जात होता. आज उंब्रजच्या चहूबाजूंनी जो ऊस उभा आहे, त्याचे पूर्वज स्पेनच्या किनाऱ्यावर पोचले होते. तिथले उन्हाळे कोरडे, म्हणून अंदलुसच्या शेतकऱ्यांनी पाट काढले, रहाट बसवले आणि उसाला पाणी दिलं. पाऊस नसेल तर पाणी आणता येतं. उलट दिशेने मात्र ही युक्ती चालत नाही. कोरडा उन्हाळा मागणारं झाड मान्सूनच्या मुलखात आणलं, तर त्याच्यावरचा पाऊस बंद कसा करणार?

कुर्तुब्यात वर्षाला साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. कऱ्हाड-उंब्रजचा आकडा त्याहून फार वेगळा नाही. फरक महिन्यांचा आहे. त्यांचा पाऊस थंडीत येतो, तेव्हा झाड निवांत असतं आणि मातीतलं पाणी हळूहळू मुरतं. आपला पाऊस उबेत येतो. उबदार, ओली, हवा न खेळणारी काळी माती म्हणजे रोझमेरीच्या मुळांना कुजवणाऱ्या बुरशीची पंगत. कृष्णा आणि तारळीच्या संगमावर वसलेल्या आमच्या गावाची माती उसाला जितकी मानवते, तितकीच या झाडाला मारते.

इंग्रजांनीही हा धडा आमच्याच जिल्ह्यात घेतला. 1828 च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वर वसवलं, पुण्याजवळ दापोडीला सरकारी बाग सुरू झाली. युरोपी भाज्या महाबळेश्वरला लागल्या. मलाया-सिंगापूरकडून आणलेल्या चिनी कैद्यांनी त्या पिकवल्या. पण 1860 च्या दशकात लिंगमळ्याला सिंकोनाची लागवड केली, ती फसली. चार महिन्यांत पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस आणि उरलेले आठ महिने कोरडे, हा प्रकार त्या झाडाला सोसवला नाही. थंड हवा म्हणजे युरोपची हवा, हा समज पावसाने धुऊन काढला. रोझमेरीची शेती भारतात रुजली ती निलगिरीत. नंतर सीमॅप या सरकारी संशोधन संस्थेच्या बेंगळुरू केंद्राने पठारावरच्या निमकोरड्या हवेतही ती घेऊन पाहिली आणि ती येते असं दाखवलं. बेंगळुरू काही थंड हवेचं ठिकाण नव्हे, आणि आपल्याच पठाराचं दुसरं टोक आहे.

मग उंब्रजमध्ये काय करायचं? उत्तर कुंडी. शेताला छप्पर घालता येत नाही, कुंडी उचलून छपराखाली नेता येते. इतकी साधी गोष्ट आहे.

कुंडी मातीची हवी, दहा-बारा इंची, रंग न लावलेली. प्लॅस्टिकची नको. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं, त्याच कारणाने कच्च्या कुंडीतली मुळं वैशाखात गार राहतात. अंगातून पाणी झिरपतं, वाळतं आणि गारवा देतं. नर्सरीतून रोप येतं ते कोकोपीटमध्ये. तो भुसा पाणी धरून ठेवतो, म्हणून तो मुळांवरून अलगद काढायचा. भरायला एक भाग माती, दोन भाग जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे, आणि मूठभर जुनं शेणखत. आपल्याकडचा चुनखडीचा मुरूम मिळाला तर फारच छान. भूमध्य सागराकडचे डोंगर चुनखडीचेच आहेत, त्याला घरी आल्यासारखं वाटेल. खताचा लोभ नको. भरपूर खाल्लेली रोझमेरी लुसलुशीत होते, वास कमी देते आणि लवकर सडते.

पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून पाहायचं. कोरडं लागलं तरच घालायचं, आणि घातलं तर खालच्या भोकातून निथळेपर्यंत. कुंडीखाली ताटली ठेवायची नाही. चैत्र-वैशाखात सकाळचं अकरापर्यंतचं ऊन द्यावं, दुपारी सावली. मृग लागण्याआधी कुंड्या वळचणीला किंवा पत्र्याखाली न्यायच्या, पण जिथे वारा खेळतो तिथे. कोंदट खोलीत पानांवर भुरी धरते. पावसाळाभर आठ-आठ दिवस पाणी नसलं तरी चालतं, हवेतच पुरेशी ओल असते. त्या दिवसांत छाटणीही करू नये. दसऱ्यानंतर कुंड्या पुन्हा उन्हात. थंडी हाच तिचा आपल्याकडचा वाढीचा काळ. फुलं क्वचितच येतात, त्याची अपेक्षा ठेवू नये. पानं खुडायची ती कोवळ्या शेंड्याची. जुन्या लाकडापर्यंत कापलं तर तिथून पुन्हा फूट येत नाही.

आणि कार्तिकात काड्या लावायच्या. चार इंची, खालची पानं काढलेल्या, ओल्या वाळूत. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. मूळ झाड गेलंच तर वारस तयार असतो. मरव्याच्या बाबतीत आपल्या आज्या हेच करत आल्या आहेत.

यंदा अकरा काड्या लावल्या होत्या, सात लागल्या. चार शेजारीपाजारी गेल्या. समोरच्या काकी त्यांची कुंडी न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “सर, वृंदावनाशेजारी ठेवली तर चालंल का हो?” चालेल की काकी, म्हटलं, दोघी एकाच कुळातल्या. फक्त रोज सकाळी तुळशीला घालता तेवढं पाणी हिला घालू नका.